लीक वेगळं, स्पॉयलर वेगळा

सुपरहिरोंचा मोठा सिनेमा यायचा असला की पुण्यातल्या कॉलेजांच्या ग्रुपवर पंधरा दिवस आधीपासून एकच धमकी फिरायला लागते: "स्पॉयलर टाकलास तर ग्रुपमधून उडवीन." धमकी देणारा मात्र लीक आणि स्पॉयलर या दोन्हींना एकाच मापाने मोजत असतो. दोन्हींनी मजा जाते हे खरं, पण दोन्ही वेगळ्या वाटेने येतात आणि बंदोबस्तही वेगळा लागतो.

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत विचारा, फरक लगेच सांगतील. प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच बाहेर आली, तर ती पेपरफुटी, म्हणजे लीक. सकाळच्या शिफ्टचा पोरगा केंद्राबाहेर आला आणि दुपारच्या शिफ्टवाल्याला "गणितात काय काय आलंय ऐक" म्हणाला, तर तो स्पॉयलर. पहिल्यात चोरी आहे. दुसऱ्यात फक्त तोंड आवरलं नाही.

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' भारतात 26 एप्रिल 2019 ला लागला. त्याच्या दहाएक दिवस आधी सिनेमातली काही मिनिटांची दृश्यं नेटवर फुटली होती. त्याच सुमारास दिग्दर्शक रुसो बंधूंनी चाहत्यांना पत्र लिहिलं, की शेवट कुणाला सांगू नका. पत्र कुणाला लिहिलंय ते बघा. फोडणाऱ्याला विनंती करून काय उपयोग? ती बघून येणाऱ्यांना होती, म्हणजे तुम्हाआम्हाला. चीनमध्ये सिनेमा 24 एप्रिललाच लागला होता, त्यामुळे आपल्याकडे पहिला शो सुरू व्हायच्या आधी शेवट माहीत असलेली माणसं जगात भरपूर होती. पुढे 6 मेपासून दिग्दर्शकांनीच बोलायला मोकळीक दिली.

चोरीला निदान कायदा आहे. 2023 मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात जी सुधारणा झाली, तिच्यानुसार थिएटरात सिनेमा बेकायदा रेकॉर्ड केला तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड होऊ शकतो. मित्राला शेवट सांगणाऱ्यावर कुठलं कलम लावणार?

माझं मत विचाराल तर लोक लीकला उगाच जास्त घाबरतात. फुटलेला तुकडा अर्धवट असतो, चित्र हलत असतं, मागचापुढचा संदर्भ नसतो. शिवाय त्याच्या जोडीला इतक्या बनावट क्लिप आणि 'आतल्या गोटातल्या' बातम्या येतात की खरं काय ते सिनेमा पाहिल्याशिवाय कळतच नाही. स्पॉयलर मात्र सहसा खरा असतो, कारण सांगणारा तिकीट काढून, डोळ्यांनी बघून आलेला असतो. आणि तो आपल्याच ओळखीचा असतो, म्हणून जास्त लागतो.

दोन्हींच्या सीमेवरची उदाहरणंही आहेत. 2017 मध्ये 'थॉर: रॅग्नारॉक'च्या प्रीमियरला त्यातलाच नट मार्क रफालो याच्या फोनवरचं इन्स्टाग्राम लाइव्ह चालूच राहिलं आणि सिनेमाच्या सुरुवातीचा आवाज चाहत्यांनी घरबसल्या ऐकला. चोरी म्हणावी तर माणूस घरचाच! 'स्पायडर-मॅन: नो वे होम'चं तर ट्रेलरच अधिकृत प्रदर्शनाच्या आधी फुटलं होतं. नंतरच्या ट्रेलरच्या ब्राझीलमधल्या आवृत्तीत लिझर्ड या खलनायकाच्या थोबाडीत कुणीच न मारता बसल्यासारखं दिसतं. त्यावरून चाहत्यांनी जो तर्क लढवला तो ना लीक, ना स्पॉयलर. (सिनेमा अजून पाहिला नसेल तर तर्क काय होता ते विचारू नका.) गंमत म्हणजे तो सिनेमा भारतात 16 डिसेंबर 2021 ला, अमेरिकेच्या एक दिवस आधी लागला. त्या दिवशी शेवट फोडण्याची सोय कोथरूडकरांच्या हातात होती.

आता बंदोबस्त. लीकसाठी फोनच पुरतो. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) सिनेमाचं नाव आणि पात्रांची नावं म्यूट शब्दांत टाकता येतात, त्याला मुदतही देता येते. यूट्यूबवर तसले व्हिडिओ दिसले की 'नॉट इंटरेस्टेड' करत जायचं, आणि उत्सुकता म्हणून एकही उघडायचा नाही. एक उघडला की तसलेच दहा समोर येतात. थंबनेलवरचा मोठ्ठा चेहरा आणि त्याला काढलेला लाल गोल हाही कधी कधी पुरेसा असतो.

स्पॉयलरला सेटिंग चालत नाही. ग्रुप म्यूट केला तरी तो उघडला की मजकूर समोरच असतो, म्हणून तो सरळ अर्काइव्ह करा. त्यातही वाईट जात सोसायटीच्या ग्रुपवरची. काका रात्री साडेबाराला लिहितात: "आत्ताच आलो बघून. काही सांगत नाही, पण रुमाल घेऊन जा." झालं! आता तीन तास आपण कोण मरतंय याचीच वाट बघत बसणार. काकांच्या लेखी मात्र त्यांनी काहीच सांगितलेलं नसतं.

म्हणून खरा उपाय तिकिटाचा. शुक्रवारी सकाळचा पहिला शो परवडला तर तोच. जमणार नसेल आणि रविवारची तिकिटं असतील, तर मल्टिप्लेक्सला फार लवकर पोचू नका. आधीचा शो सुटला की ती गर्दी पार्किंगच्या लिफ्टमध्ये तुमच्याबरोबर उभी राहते, आणि तीन मजल्यांत अख्खा क्लायमॅक्स सांगून होतो. हेडफोन घाला किंवा जिन्याने जा. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या रांगेत फोन काढू नका.

आणि "कळलं का शेवटी काय होतं?" असं कुणी विचारलं, तर "नाही" म्हणू नका. "नाही" म्हटलं की माणूस सांगतोच. "रविवारची तिकिटं काढलीत" म्हणा आणि विषय पार्किंगवर न्या. त्यावर पुणेकर अर्धा तास सहज बोलतो.