उंबऱ्यावरचं तोंड राक्षसाचं नाही

पुण्याच्या आसपासच्या जुन्या दगडी देवळांत सुट्टीच्या दिवशी हे हमखास ऐकू येतं. कुणीतरी उंबऱ्यावर कोरलेल्या, डोळे वटारलेल्या तोंडाकडे बोट दाखवून मुलांना सांगतं, "हा राक्षस. देवाने पायाखाली घातलाय. दे पाय आणि हो पुढे." मूल पाय देतं आणि माझा जीव तुटतो. ते तोंड कीर्तिमुखाचं असतं. ते तिथे शिक्षा भोगत नाही, राखण करतं.

राक्षस आपल्याला नव्याने सांगायला नकोत. गणपतीतल्या हलत्या देखाव्यांत ते लहानपणापासून बघितलेत. दैत्य दितीचे, दानव दनूचे, रावण पुलस्त्याच्या कुळातला. हे विसरलात तरी शिल्प बघताना काही अडत नाही.

अडतं ते कीर्तिमुखापाशी. पुराणातली कथा अशी: असुरांचा राजा जालंधर याने राहूला शंकराकडे पाठवलं, पार्वतीची मागणी घालायला. शंकराच्या कोपातून सिंहाच्या तोंडाचा एक भुकेला जीव निघाला आणि राहूवर धावला. राहू शरण आला, सुटला. पण भूक तर तशीच होती. मी खाऊ काय, असं त्या जीवाने विचारलं, तेव्हा शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली आणि तोंड तेवढं उरलं. शंकर इतके प्रसन्न झाले की त्याला कायमचं आपल्या दारात ठेवलं आणि आधी त्याची पूजा, मग माझी, असं सांगितलं.

राहूलाही धड नाही, म्हणून जाणकार म्हणवणारेसुद्धा "हा राहूच" म्हणून मोकळे होतात. हा घोटाळा मला सगळ्यांत जास्त खुपतो. राहूचं डोकं विष्णूच्या चक्राने उडालं, चोरून अमृत प्यायला म्हणून. कीर्तिमुखाने आपलं धड आज्ञेवरून स्वतः संपवलं. शिवाय या कथेत राहू त्यालाच घाबरून पळतो!

शिल्पात ओळखायचं तर समोर कोण आहे ते बघा. वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात कैलास हलवणारा रावण अंगापिंडाने पुरा आहे आणि वर शंकर बसलेत. महिषासुरासमोर देवी असते. राक्षसाचं भांडण देवाशी, आपण बघे. कीर्तिमुखासमोर मात्र कुणीच नसतं, तो थेट आपल्याकडे बघतो. बहुतेकदा खालचा जबडा नसतो, आणि वरच्या दातांतून रक्त नाही, मोत्यांचे सर आणि वेली लोंबत असतात. सुळे तेच, डोळे तेच, पण इथे ते भय देवाच्या नोकरीत आहे. आत येणाऱ्या वाईटाने दारातच दचकावं, एवढ्यासाठी.

बांधकामावर आणि ट्रकच्या मागे टांगलेला शिंगांचा, जीभ काढलेला मुखवटा लोक राक्षस म्हणूनच विकत घेतात. पण त्याला काम दिलेलं असतं कीर्तिमुखाचंच, दृष्ट अडवायचं. त्याला हवं तर लाल रंगवा, माझी हरकत नाही.

हरकत आहे ती फायबरच्या मखरांवर. प्रभावळीच्या माथ्यावरच्या कीर्तिमुखाला जबडा बसवून, ओठांवरून रक्ताचे ओघळ काढलेले असतात. मंडळांनी ऑर्डर देतानाच कारागिराला सांगावं: जबडा नको, रक्त नको, मोत्यांचे सर सोडा. आणि उंबरा ओलांडून जा. वाकून त्याला हात लावून तो कपाळाला नेणाऱ्या आज्या बरोबर करतात.