दुर्बीण घेतलीत, आता सॉफ्टवेअर फुकटचं की विकतचं?

हौशी निरीक्षक आणि छायाचित्रकार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात सॉफ्टवेअर विकायला नाही. दुर्बिणी, माउंट (दुर्बीण धरून वळवणारा आधार), आयपीस (डोळा लावायचं भिंग), कॅमेरे आणि केबल एवढाच आमचा माल. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे त्यात आमचा गल्ला मधे येत नाही. तरी हे पत्रक छापावं लागलं, कारण नवी दुर्बीण घेऊन घरी गेलेले बरेच जण आठवड्याभरात फोन करून विचारतात की अमुक प्रोग्रॅम विकत घेऊ का. आमचं पहिलं उत्तर बहुतेक वेळा "थांबा" असंच असतं.

पैसे कशाचे जातात हे आधी पाहू. ताऱ्यांच्या जागा कोणत्याही कंपनीच्या मालकीच्या नाहीत. युरोपीय अवकाश संस्थेच्या हिप्पार्कस उपग्रहाने मोजलेल्या १,१८,२१८ ताऱ्यांची यादी १९९७ मध्ये जाहीर झाली. त्याच संस्थेच्या गाया दुर्बिणीची २०२२ मधली यादी तर सुमारे १८० कोटी ज्योतींची आहे, आणि दोन्ही सगळ्यांना खुल्या आहेत. ग्रहांच्या स्थितीची कोष्टकं नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी तयार करते, धूमकेतू आणि लघुग्रहांच्या कक्षा मायनर प्लॅनेट सेंटर देतं. तीही खुली. फुकटचा प्रोग्रॅम असो की महागडा, दोघांचा शनी एकाच जागी दिसणार. पैसे घेतले जातात ते मांडणीचे, सोयीचे, फोनवर सगळं नीट चालण्याचे, आणि अडलं तर ई-मेलला उत्तर देणाऱ्या माणसाचे. या गोष्टींना किंमत आहेच. फक्त ती तुम्हाला मोजायची गरज आहे का, एवढंच ठरवायचं.

संगणकावर: स्टेलारियम, आणि तुमच्या इमारतीचं क्षितिज

सुरुवात स्टेलारियमने करा, हा पडद्यावर आकाश दाखवणारा फुकटचा प्रोग्रॅम. फॅबियन शेरो या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००० च्या सुमारास ते लिहायला घेतलं, आणि १.० क्रमांकाची आवृत्ती आली थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे वीसेक वर्षं जग "शून्य पूर्णांक काहीतरी" आवृत्तीवर खूश होतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. सुरुवातीला सुमारे सहा लाख तारे असतात. प्रोग्रॅममधूनच जास्तीच्या याद्या उतरवून घेतल्या तर ते सतरा कोटींच्या वर जातात. आमचा सल्ला: उतरवू नका. दादर-परळच्या गच्चीवरून तिसऱ्या प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा वाढला की तारा अंधूक) तारे डोळ्यांना दिसले तरी रात्र चांगली म्हणायची. कोट्यवधी ताऱ्यांची जाहिरात बघून विकतचं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

त्याऐवजी एक तास खर्च करून स्वतःचं क्षितिज बनवा. मुंबईत हे सगळ्यात उपयोगाचं काम आहे आणि फारच कमी लोक करतात. मुंबईचा अक्षांश १९ अंश, म्हणून ध्रुव उत्तरेला जेमतेम १९ अंशांवर असतो. दक्षिणेकडचा अगस्ती ऐन मध्यावर आला तरी १८ अंशांच्या थोडाच वर. समोर टॉवर उभा राहिला की दोघांपैकी एक गेला. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात. त्या मापाने किंवा फोनच्या होकायंत्राने आणि कोनमापकाने गच्चीभोवती फिरून प्रत्येक दिशेला इमारत किती अंश वर येते ते लिहून काढा. एका ओळीत दोन आकडे, आधी दिशा, मग उंची. अशा साध्या मजकूर-फाइलीवरून स्टेलारियममध्ये तुमच्या क्षितिजाचं भूदृश्य बनवता येतं. मग शनी पाण्याच्या टाकीमागून किती वाजता बाहेर येईल हे आदल्या दिवशीच कळतं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडून गच्चीची चावी नेमक्या वेळेला मागता येते.

तिथेच टाइम झोन तपासा. साडेपाच तासांऐवजी पाच तास पडला तर आख्खं आकाश साडेसात अंश सरकतं. कमी शक्तीच्या आयपीसमध्येही एखादा अंश आकाश मावतं, तेव्हा ग्रह सापडणार नाही हे उघड आहे. माउंटच्या हँड कंट्रोलरवरही हाच घोटाळा होतो. स्काय-वॉचर माउंटचा सिनस्कॅन कंट्रोलर तारीख मागतो ती आधी महिना, मग दिवस. डेलाइट सेव्हिंग विचारलं की "नाही" म्हणा. "दुर्बीण चुकीकडे वळते" अशा तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याच इथेच मिटतात.

नकाशे कागदावर छापून न्यायची सवय असेल तर पॅट्रिक शेव्हाले यांचं कार्त दु स्येल अधिक बरं पडतं. चंद्रावर रमणाऱ्यांसाठी व्हर्च्युअल मून ॲटलास आहे. त्यातही शेव्हाले यांचा हात आहे. लिनक्सवाल्यांना केस्टार्स हा आकाशनकाशा आम्ही काय सांगावा, ते आम्हालाच शिकवतात. ही तिन्हीही फुकट.

फोनवर: इथे मात्र पैसे वसूल होतात

"स्टेलारियम फुकट म्हणालात, फोनवर तर पैसे मागतंय!" असं ऐकावं लागतं, म्हणून खुलासा. संगणकावरचं स्टेलारियम स्वयंसेवकांचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. फोनवरचं ॲप मूळ लेखकाशी संबंधित कंपनीचं आहे. त्याची साधी आवृत्ती फुकट, दुर्बीण चालवायची सोय आणि मोठ्या याद्या प्लस आवृत्तीत पैसे देऊन. दोन्ही अस्सलच.

फोनवरून माउंट वळवायचा असेल तर आधी त्या माउंटच्या कंपनीचं ॲप वापरून बघा. स्काय-वॉचरचं सिनस्कॅन ॲप फुकट आहे. सेलेस्ट्रॉनचं स्कायपोर्टल तर स्कायसफारी या आकाशनकाशाच्या ॲपवाल्यांनीच बनवलेलं, तेही फुकट. महिना-दोन महिने ते वापरल्यावर निरीक्षणांच्या याद्या करायच्या आहेत, नोंदी ठेवायच्या आहेत, जास्त अंधूक दीर्घिका शोधायच्या आहेत असं वाटलं तर स्कायसफारी प्लस घ्या. प्रो आवृत्तीची गरज मुंबईत फार थोड्यांना पडते. ॲपची नवी पिढी आली की ती पुन्हा विकत घ्यावी लागते, हेही हिशोबात धरा. तरीही विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही मोकळेपणाने शिफारस करतो ते हेच. अंधारात, एका हाताने, लाल पडद्यावर हे जितक्या सहज चालतं तितकं दुसरं काही आम्ही वापरलेलं नाही.

मुंबईबाहेर निरीक्षणाला जाणार असाल तर याद्या आणि चित्रं घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या. डोंगरात नेटवर्क असेलच असं नाही, आणि वेबवर चालणारा नकाशा तिथे कोराच राहतो.

ग्रह आणि चंद्र टिपायचे असतील तर खिशात हात घालू नका

शहराच्या झगमगाटाने दीर्घिका बुडतात, गुरू बुडत नाही. त्यामुळे मुंबईतून करायची खरी छायाचित्रण-हौस ग्रह आणि चंद्र हीच, आणि या कामाची सगळी साधनं फुकट आहेत. छोट्या कॅमेऱ्याने व्हिडिओ घ्यायला फायरकॅप्चर किंवा शार्पकॅपची साधी आवृत्ती. त्या हजारो चौकटींतल्या स्थिर, स्वच्छ तेवढ्या निवडून एकावर एक रचायला एमिल क्राइकाम्प यांचं ऑटोस्टॅकर्ट. मग धार काढायला रजिस्टॅक्स. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आतच फिरतो, त्यामुळे काही मिनिटांपेक्षा लांब चित्रण केलं की पट्ट्यांवरचे तपशील फराटले जातात. ते फिरणं उलटं सरकवून दुरुस्त करायला विनज्युपॉस आहे. त्याचा चेहरा जुनाट आहे, पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, पण जगभरातले मुरलेले ग्रह-छायाचित्रकार ऑटोस्टॅकर्ट आणि विनज्युपॉसच वापरतात. इथे महागडं काही विकत घेऊन त्यांच्या पुढे जाता येत नाही. उरलेले पैसे चांगल्या बार्लोवर (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) घालवा. (हो, बार्लो आम्ही विकतो.)

तेजोमेघ आणि दीर्घिका

इथे निर्णय अवघड होतो. कॅमेरा, माउंट, गाइडिंग हे सगळं एकत्र चालवायला विंडोजवर नीना आहे, मार्गदर्शक ताऱ्यावर माउंट धरून ठेवायला पीएचडी-२ आहे, आणि सगळ्या उपकरणांना एका भाषेत बोलायला लावणारं ॲस्कॉम आहे. तिन्हींना छदाम लागत नाही.

ध्रुवाशी माउंट जुळवायची, म्हणजे त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायची गोष्ट मुंबईकरांनी मुद्दाम वाचावी. शार्पकॅपची ही सोय प्रो आवृत्तीत, वार्षिक वर्गणी भरून मिळते. वर्गणी फार नाही आणि सोयही उत्तम. पण तिची मूळ पद्धत कॅमेऱ्याला ध्रुवाजवळचं आकाश दिसायला हवं अशी आहे. ज्यांची बाल्कनी दक्षिणेला किंवा पश्चिमेला आहे त्यांनी काय करायचं? नीनाचा थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट हा प्लगइन आकाशाच्या दिसेल त्या तुकड्यावर तीन जागी फोटो घेऊन हिशोब करतो, ध्रुव दिसायची गरज नाही. फुकट. तेव्हा शार्पकॅप प्रो घ्यायच्या आधी घरातून उत्तर दिशा दिसते का ते बघून घ्या.

फोटो रचून त्यांच्यावर काम करायला डीपस्कायस्टॅकर आणि सिरिल. शहरातल्या दिव्यांमुळे फोटोच्या एका कोपऱ्यात येणारी पिवळट झाक सिरिलमध्ये काढता येते, ग्राक्सपर्टमध्येही. दोन्ही फुकट. विकतचं नाव निघतं ते पिक्सइनसाइटचं. ते स्पेनमधल्या कंपनीचं आहे, किंमत युरोत, रुपयांत पाच आकडी, वर कर आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क. एकदाच पैसे भरायचे, वर्गणी नाही. ते खरंच ताकदवान आहे, आणि त्यावर चालणारं रसेल क्रोमन यांचं ब्लरएक्सटर्मिनेटर, ज्याचे पैसे पुन्हा वेगळे, ताऱ्यांना जी धार आणतं तिला तोडीस तोड फुकट पर्याय आम्हाला तरी अजून मिळालेला नाही. पण ते शिकायला महिने जातात, आणि १६ जीबी रॅमपेक्षा कमीचा लॅपटॉप त्याच्यापुढे धापा टाकतो.

घ्यायचंच असेल तर ४५ दिवसांची चाचणी मिळते. ती दिवाळीच्या सुट्टीत सुरू करू नका. त्या रात्री आकाशाखाली घालवायच्या असतात. नोव्हेंबर ते एप्रिल फोटो जमवा, ते सिरिलमध्ये रचून ठेवा, आणि जूनमध्ये पाऊस लागला की चाचणी मागा. तेच फोटो दोन्हीकडे करून बघा. फरक तुमच्या डोळ्यांना दिसला तर पैसे द्या. शेजाऱ्याला दिसला, तुम्हाला नाही, तर थांबा.

फुकटच्या बाजूचा तोटा

तोटा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अडलं तर फोन कोणाला करायचा? मुक्त सॉफ्टवेअरचे लेखक नोकऱ्या सांभाळून हे करतात. ते उत्तर देतात, पण त्यांच्या सवडीने. नीनाची नवी आवृत्ती घातली आणि एखादा जुना ड्रायव्हर रुसला असंही घडतं. म्हणून महत्त्वाच्या रात्रीच्या आदल्या दिवशी काहीही अपडेट करू नका. धूमकेतूंच्या कक्षा मात्र जरूर ताज्या करून घ्या. जुन्या आकड्यांवर नकाशा धूमकेतू भलतीकडेच दाखवतो, मग प्रोग्रॅम कितीही महाग असला तरी. प्रत्यक्ष माणसाला विचारायचं तर खगोल मंडळ या हौशी निरीक्षकांच्या संस्थेच्या वांगणीच्या आकाशदर्शनाला जा. तिथे ही साधनं रात्रभर वापरणारी माणसं भेटतात.

"क्रॅक" आवृत्ती लॅपटॉपमध्ये घालून द्या अशी विनंती कृपया करू नका. आम्ही ती घालत नाही. अशा फाइलबरोबर व्हायरस येतो हे एक, आणि जिथे इतकं चांगलं काही फुकट मिळतं तिथे चोरी करायचं कारणच उरत नाही हे दुसरं. फुकटचंही त्या-त्या प्रकल्पाच्या मूळ साइटवरूनच घ्या. शोधात पहिल्या नंबरावर आलेली साइट मूळच असते असं नाही.

दुकानात येताना

आमच्याकडून माउंट किंवा कॅमेरा घेतलेल्यांना स्टेलारियम, ॲस्कॉम आणि नीना आम्ही बसवून देतो, त्याचे पैसे नाहीत. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत नीट शिकवता येत नाही. लॅपटॉपबरोबर चार्जर, विंडोजचा पासवर्ड आणि माउंटचा हँड कंट्रोलर आणा. केबल घरची असेल तर तीही आणा, पण माउंटला जोडून बघू नका. माउंटवरचं चौकोनी भोक इंटरनेटच्या वायरीसारखं दिसतं, ते तसं नाही. चुकीच्या केबलने आतला बोर्ड जाऊ शकतो, आणि तो बोर्ड कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा महाग पडतो.