इंजेक्टर चोक झालाय की त्याचं सर्किट गेलंय?

गाडी मिसिंग मारते, तीन सिलिंडरवर थरथरते, पिकअप मेलेला. गॅरेजमधून पहिला सल्ला ठरलेला: "इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या." इंजेक्टरच्या नोझलमध्ये (पेट्रोल फवारणाऱ्या तोंडात) खरोखर कचरा असेल तर ठीक. दोष विजेचा असेल तर क्लीनिंगचे पैसे जातात आणि मिसिंग तशीच राहते. चालवणाऱ्याला दोन्ही दोष सारखेच जाणवतात. ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) मात्र ते वेगळे दिसतात.

साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेत फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीत इंजेक्टरच्या कपलरला, म्हणजे वायरीच्या जोडाला, दोन वायरी असतात. एकीवर रिलेमार्फत (विजेवर चालणारा स्विच) १२ व्होल्ट येतात. दुसरी ईसीयूकडे जाते. ईसीयूने तिला क्षणभर अर्थिंग दिलं की कॉइलमध्ये चुंबकत्व येतं आणि सुई उचलली जाते. इंजेक्टर बंद असताना ईसीयूच्या पिनवर कॉइलमधून आलेले १२ व्होल्ट दिसायला हवेत, उघडताना ते शून्याजवळ यायला हवेत. पहिल्या सिलिंडरचा हा चढउतार बिघडला की पी०२०१ हा बिघाडाचा कोड येतो (दुसऱ्या सिलिंडरचा पी०२०२, असं पुढे). पेट्रोल प्रत्यक्ष फवारलं गेलं का, हे त्या पिनवरून कळतच नाही. म्हणून नुसत्या चोक झालेल्या इंजेक्टरमुळे पी०२०१ येत नाही, आणि पी०२०१ आलेल्या गाडीला क्लीनिंगने गुण येत नाही.

चोक इंजेक्टर बहुतेकदा पी०३०१ देतो, म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसफायर (पेट्रोल नीट न जळणं). क्रँकच्या फिरण्यातला झटका ओळखून हा कोड दिला जातो. पण प्लग, इग्निशन कॉइल, कॉम्प्रेशन यांतलं काहीही बिघडलं तरी तो येतो, त्यामुळे त्यावरून थेट इंजेक्टरला दोषी ठरवणं घाईचं. दोन्ही कोड एकत्र आले तर आधी पी०२०१ निस्तरावा. बहुतेकदा मिसफायर त्याचाच परिणाम असतो.

तपासणीला स्वस्तातला मल्टिमीटर पुरतो. इग्निशन बंद करून कपलर काढा आणि इंजेक्टरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. अशा गाड्यांत साधारण ११ ते १८ ओहम येतात. आकड्यापेक्षा शेजारच्या इंजेक्टरांशी तुलना जास्त बोलकी. तिघे १४ दाखवतात आणि चौथा ओएल (मीटरच्या आवाक्याबाहेर), तर कॉइल तुटली. काही कॉइल थंड असताना शहाण्यासारख्या वागतात आणि तापल्यावर आतून तुटतात, तेव्हा इंजिन गरम असतानाही मोजा.

कॉइल चांगली निघाली तर वायरिंग. इग्निशन चालू करून कपलरच्या एका पिनवर १२ व्होल्ट येतात का बघा. सगळ्याच इंजेक्टरांना येत नसतील तर फ्यूज किंवा रिले. एकालाच नसतील तर त्या फांदीची वायर. मग कपलरला नॉइड लाइट (कपलरमध्ये बसणारा छोटा तपासणी दिवा) लावून स्टार्टर मारा. दिवा लुकलुकला तर ईसीयूचा हुकूम तिथवर पोचतोय. पण हा दिवा करंट फारच कमी ओढतो, एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा त्याच्या तपासणीत पास होते. म्हणून इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून बघणं मी कधी टाळत नाही. उंदरांनी कुरतडलेली जागा कित्येकदा अशीच सापडते. ईसीयूवर संशय अगदी शेवटी.

दुरुस्तीत कॉइलला इलाज नाही, इंजेक्टर बदलायचा. नवा त्याच ओहमचा हवा. १४ ओहमच्या जागी २-३ ओहमचा बसवला तर ईसीयूतला इंजेक्टर चालवणारा भाग (ड्रायव्हर) जळू शकतो. वायर तुटली असेल तर क्रिंप स्लीव्ह (दाबून बसवायची धातूची नळी) आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). पिळून टेप गुंडाळलेला जोड इंजिनच्या उष्णतेत आणि पावसाळी ओलाव्यात फार टिकत नाही. पिन हिरवी पडली असेल तर ती साफ करा, पण सैल झालेली पिन बदलाच.

हे सगळं पोर्ट इंजेक्शनपुरतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांत इंजेक्टर उघडायला साधारण ६५ व्होल्ट लागतात, कॉमन रेल डिझेलच्या पिएझो इंजेक्टरला १०० च्याही वर. तिथे नॉइड लाइट आणि टेस्ट लॅम्प लांबच ठेवा, आणि इंजिन चालू असताना कपलरला हात लावू नका.