काडतूस चेंबरमध्ये न बसणे

रायफलीचे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या पोकळीत) अर्धवट जाऊन अडणे, किंवा आत गेलेले दिसूनही बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) बंद न होणे, हा बिघाड आणि त्याचे निदान. हाताने भरलेल्या काडतुसात असा दोष निघाला तर नवल नाही. कारखान्याचे काडतूस मात्र गेजमधून (माप तपासण्याच्या साच्यातून) पार होऊन डब्यात पडलेले असते, त्यामुळे ते अडले की पहिला संशय रायफलीवर घ्यावा. व्यवहारात नेमके उलटे घडते: डबा ‘खराब’ ठरतो आणि चेंबरमध्ये कोणी डोकावत नाही.

खानदेशाला हा विषय परका नाही. भुसावळजवळ वरणगाव येथे १९६४ पासून आयुध निर्माणी असून तेथे ५.५६ व ७.६२ मिमी मापांची काडतुसे तयार होतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. धुळ्याला राज्य राखीव पोलीस बलाचा गट आहे. परवानाधारक नागरिकाच्या हातात ही सैनिकी मापे सहसा येत नाहीत. त्याच्याकडे रायफल असली तर बहुधा .३१५ (इंची माप) ची असते. मापाचा हा फरक निदानाच्या मुळाशी आहे.

काडतूस पुढे कुठे थांबायचे, हे प्रत्येक जातीत वेगळ्या जागी ठरते. ७.६२ व ५.५६ च्या पुंगळीला (काडतुसाच्या पितळी कवचाला) बुडाशी बाहेर आलेली कड नसते, म्हणून तिचा उतरता खांदा (अंग अरुंद होऊन मान सुरू होते ती जागा) चेंबरच्या खांद्याला टेकतो आणि काडतूस तिथे थांबते. .३१५ ला कड असते आणि ती नळीच्या मागच्या तोंडावर अडते. बोल्टच्या तोंडापासून या थांबण्याच्या जागेपर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते कमी पडले तर बोल्ट मिटत नाही; फार वाढले तर बोल्ट सहज मिटतो, पण बार उडताना पुंगळी ताणली जाऊन बुडाजवळ फाटते. म्हणून बोल्ट सुरळीत बंद झाला एवढ्यावर समाधान मानू नये.

सर्वांत मोठे काडतूसही सर्वांत लहान चेंबरमध्ये मावावे, अशा बेताने मापे ठरवलेली असतात. ७.६२ चेच नागरी भावंड असलेल्या .३०८ विंचेस्टर या मापात मात्र अमेरिकी मानकाने थोडी गंमत करून ठेवली आहे. चेंबरची खांद्यापर्यंतची लांबी ४१.४० ते ४१.६६ मिमी चालते, आणि काडतुसाची ४१.५० मिमीपर्यंत. म्हणजे दोन्ही वस्तू नियमात असूनही काडतूस वहीच्या कागदाएवढे, ०.१० मिमी, जास्त निघू शकते. अशा वेळी बोल्टचा दांडा खाली आणताना किंचित जोर लागतो, खांदा तेवढा दबतो आणि काम होते. ७.६२ च्या सैनिकी चेंबरची किमान लांबीच सुमारे ४१.५४ मिमी असल्याने तिथे ही अडचण येत नाही. एकाच डब्यातील काडतुसे एका रायफलीत अलगद उतरतात आणि दुसरीत जड जातात, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. त्यात दोष कोणाचाच नाही.

निदानाचे काम फायरिंग रेंजवर किंवा आर्मररच्या (शस्त्रे तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या) टेबलावर करावे, घराच्या ओट्यावर नव्हे. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आणि बोल्टवर ठोसा मारून काडतूस आत कोंबायचे नाही. शक्य तिथे फायरिंग पिन काढून ठेवतात किंवा दारू व प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) नसलेले डमी काडतूस वापरतात. आधी रिकाम्या रायफलीचा बोल्ट मिटतो का ते पाहावे. तो रिकामाच अडत असेल तर काडतुसाचा संबंध संपला. बोल्टच्या खुंट्या जिथे अडकतात त्या खाचांत बहुधा वाळलेले ग्रीस आणि धूळ सापडते. बोल्ट नीट मिटला, तर तीच काडतुसे त्याच मापाच्या दुसऱ्या रायफलीत आणि दुसऱ्या लॉटची काडतुसे या रायफलीत, अशी अदलाबदल करून पाहावी. दोष काडतुसाबरोबर फिरतो की रायफलीबरोबर राहतो, हे एवढ्याने कळते. गो आणि नो-गो गेज (पहिल्यावर बोल्ट मिटायला हवा, दुसऱ्यावर मिटता कामा नये, असे हेडस्पेस मोजायचे ठोकळे) हाताशी असतील तर पुढचा वाद मिटतोच.

सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे अडलेल्या काडतुसावरची खूण. काडतूस काळ्या मार्करने रंगवून, जोर न लावता आत सरकवून बाहेर काढले की जिथे घासले तिथला रंग निघालेला दिसतो. खांद्यावर गोल कडे उमटले तर लांबी जास्त किंवा चेंबर तोकडे. बुडाजवळ घासले असेल तर पुंगळी जाड, वाकडी किंवा चेंबरमध्ये कचरा. मानेच्या तोंडाशी चकाकी दिसली तर पुंगळी लांब आहे, किंवा चेंबरच्या मानेत काजळीचे कडे साचले आहे. शिशाच्या (म्हणजे गोळीच्या) टोकावर समान अंतरावर बारीक रेघा आल्या तर ते टोक नळीच्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) जाऊन टेकते आहे. या शेवटच्या प्रकारात काडतूस ओढून काढू नये. शिसे आट्यांत अडकून राहते, पुंगळी तेवढी बाहेर येते आणि दारू यंत्रणेत सांडते. पुढे ते शिसे नळीत आहे हे विसरून दुसरा बार काढला तर नळी फुटू शकते.

चेंबरमधल्या अडथळ्यांत सर्वांत फसवा म्हणजे आधीच्या पुंगळीचा तुटलेला पुढचा भाग. बूड बाहेर फेकले जाते, सगळ्यांना पुंगळी निघाली असे वाटते, आणि पुढचे काडतूस पाऊण आत जाऊन थांबते. टॉर्चच्या उजेडात आत पितळी नळकांडे दिसते. ते काढायला वेगळे हत्यार लागते. असे एकदा घडले तर हेडस्पेस तपासल्याशिवाय ती रायफल वापरू नये. गंजाचे खड्डे, सफाईच्या चिंधीचा तुकडा, घट्ट झालेले तेल यांची यादी लांबवण्यात अर्थ नाही. चेंबर ब्रशने नीट साफ केल्यावर तक्रार थांबली की कारण आपोआप कळते.

काही वेळा चेंबर निर्दोष, काडतूसही निर्दोष, आणि भरण्याची पद्धत चुकलेली असते. मॉझर धर्तीच्या काही रायफलींत मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखाली सरकते. काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकले तर त्या नखाला कडेवरून उडी घ्यावी लागते आणि बोल्ट अडल्यासारखा वाटतो. .३१५ मध्ये दुसरी गंमत: मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. हा बिघाड भरण्याचा आहे, मापाचा नाही.

काडतुसाच्या जन्मातून येणारे दोषही ठरावीक ठिकाणचे असतात. सुमारे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची वाटी टप्प्याटप्प्याने ओढून लांब केली जाते. मधे तापवून तिचा ताण घालवतात. मग बूड, निमुळतेपणा, खांदा, मान असा आकार देतात. डाय (आकार देणारा साचा) झिजला तर अंग जाड राहते, कापणी चुकली तर पुंगळी लांब निघते, शिसे वाकडे बसले तर टोक कडेला टेकते. अशा दोषाचे वैशिष्ट्य हे की तो एकट्या काडतुसात क्वचित राहतो, त्याच लॉटमध्ये पुन्हा दिसतो. तोंडाला पोचा गेलेले एकच काडतूस निघाले तर तो बहुधा हाताळणीचा मार असतो.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर ‘काडतूस फुगले’ असा संशय भुसावळ-जळगावकडे कोणालाही येईल. हिशेब त्याला साथ देत नाही. २५ अंशांचा फरक धरला तरी ४० मिमी पितळ सुमारे ०.०१९ मिमी वाढते, चेंबरचे पोलाद ०.०१२ मिमी, उरतो ०.००७ मिमीचा फरक, जो बोल्टला कळतही नाही. उन्हाने दारूचा दाब चढतो आणि त्याचा त्रास उडालेली पुंगळी बाहेर काढताना होतो, आत घालताना नाही.

साठवणीचा धोका उन्हापेक्षा गोठ्याचा जास्त. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना तडे जात. जनावरांच्या मूत्रातून येणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत राहून गेलेला ताण या तिन्हींचा तो परिणाम होता. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. सैनिकी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती ताण घालवण्यासाठी मान तापवल्याची खूण असते. माहिती नसलेला माणूस तिला डाग समजून काडतूस बाजूला काढतो. गुरांच्या गोठ्याला लागून असलेल्या किंवा खताच्या खोलीत काडतुसे ठेवू नयेत, आणि मानेला तडा किंवा हिरवट कळंक दिसलेले काडतूस चेंबरला लावूच नये.

न बसणारे काडतूस घासून, ठोकून किंवा पुन्हा दाबून बसवण्याचा मोह टाळावा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करणे, दुरुस्त करणे किंवा त्यात बदल करण्याच्या व्यवसायाला वेगळा परवाना लागतो, आणि कायदा बाजूला ठेवला तरी प्रायमर असलेल्या वस्तूवर हातोडी चालवणे शहाणपणाचे नाही. नागरिकाने ते मूळ डब्यासह परवानाधारक विक्रेत्याकडे न्यावे. डब्यावरचा लॉट क्रमांक फाटू देऊ नये, कारण तक्रार पुढे गेली तर तपासणी त्या क्रमांकावरून होते. पोलीस व सैन्याच्या सरावात पुंगळ्याही मोजून परत कराव्या लागतात. न बसलेले काडतूस वेगळे ठेवून, रायफलीच्या क्रमांकासह आर्मररकडे सोपवतात.