घरपट्टी नावावर झाली म्हणजे घर नावावर झाले का?

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव चढले आणि घरपट्टीची पावती हाती आली की घर आपल्या मालकीचे झाले, हा महाराष्ट्रात गावोगावी रूढ असलेला समज चुकीचा आहे. नमुना ८ ही करआकारणीची नोंदवही आहे. कर कोणाकडून वसूल करायचा हे तीवरून ठरते, मालकी नव्हे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि नोंदणी अधिनियम, १९०८ यांनुसार १०० रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरा-जागेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच होते, आणि १०० रुपयांत आज गावठाणातली वीतभर जागाही मिळत नसल्याने ही अट व्यवहारात साऱ्यांनाच लागू पडते. मुद्रांकावर मजकूर लिहून, नोटरीचा शिक्का घेऊन आणि तोच कागद ग्रामपंचायतीत दाखवून नाव लावून घेतलेली ‘खरेदी’ त्यामुळे मालकीच्या दाव्यात टिकत नाही. खरेदीखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीसाठी सादर करायचे असते.

सातबाऱ्याचे थोडे निराळे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यावरील प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, मात्र हे गृहीतक पुराव्याने खोडून काढता येते.