छोट्या रिव्हॉल्व्हरचे होल्स्टर

छोट्या नळीचे रिव्हॉल्व्हर कपड्यांखाली, बाहेरून कळणार नाही अशा रीतीने अंगावर बाळगण्यासाठी वापरले जाणारे चामड्याचे, कापडाचे किंवा प्लॅस्टिकचे आवरण. बोलण्यात त्याला ‘कव्हर’ किंवा ‘केस’ असेही म्हणतात. तलवारीला म्यान तसे रिव्हॉल्व्हरला होल्स्टर, अशी तुलना सहज सुचते, पण ती अर्धीच जुळते. म्यान मिरवायचे असते. हे झाकायचे असते, आणि दिवसभर अंगावर वागवायचेही असते. या दुसऱ्या अटीमुळेच त्याची निवड अवघड होते.

होल्स्टरची सुरुवात घोड्यावर झाली. खोगिराच्या पुढच्या बाजूला लटकवलेल्या चामडी पिशव्यांत स्वार आपली पिस्तुले ठेवत. तिथून ती कमरेवर आली. तलवार आणि पिस्तूल या दोहोंचे वजन खांद्यावरून तिरप्या पट्ट्याने पेलणारा ‘सॅम ब्राउन’ पट्टा भारतातल्या ब्रिटिश फौजेत निघाला. १८५८ मध्ये डावा हात गमावलेल्या सॅम्युअल ब्राउन या अधिकाऱ्याने तो स्वतःच्या सोयीसाठी तयार केला होता. तो पट्टा वरून, सर्वांना दिसेल असा बांधायचा. नागरी परवानाधारकाचा प्रश्न नेमका उलटा आहे.

कायदा

परदेशी लेखांत ‘दडवून बाळगावे की उघड’ यावर मोठा खल असतो. पुण्यातल्या परवानाधारकाला त्यातला निम्मा भाग वाचायची गरज नाही, कारण त्याचा निर्णय नियमांनीच केला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक जागी छोटे शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच खास आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. त्यामुळे शर्टाखालून डोकावणारी मूठ ही ऐट ठरत नाही, नियमभंग ठरते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

परवाना शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय वेगळे झाल्यापासून नदीपलीकडच्या लोकांचे कागद तिकडे जातात. सणासुदीला, मोर्चे-आंदोलनांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, आणि निवडणुकीत अनेकांना शस्त्र जमा करावे लागते. त्या दिवसांत उत्तम होल्स्टर कपाटातच राहते.

कोणते रिव्हॉल्व्हर

होल्स्टर शस्त्राच्या मापाचे असावे, हे सांगायलाच नको असे वाटते. तरी पहिली चूक इथेच होते. बाजारात आणि इंटरनेटवर मिळणारी बहुतेक तयार होल्स्टर अमेरिकेतल्या पाच गोळ्यांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरच्या मापाची असतात. तो घाट १९५० मध्ये स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने आणलेल्या ‘चीफ्स स्पेशल’पासून रूढ झाला. पुण्यातल्या घरांत असे रिव्हॉल्व्हर क्वचितच असते. खडकीत १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे, पण रिव्हॉल्व्हर येते ते कानपूरहून. ०.३२ बोअरचे, सहा गोळ्यांचे, साधारण तीन इंच नळीचे. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमचे आहे, म्हणजे दुधाची अर्ध्या लिटरची एक पिशवी. २०२३ चे ‘प्रबळ’ ६७५ ग्रॅमचे, ७६ मिलिमीटर नळीचे. याखेरीज आजोबांच्या काळापासून वारसाने आलेली विलायती ‘वेब्ली’ कंपनीची रिव्हॉल्व्हर असतात.

निर्भीक आणि त्याआधीची कानपुरी रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्या चालीची आहेत. मागची कळ दाबली की नळी पुढे मोडून सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचे फिरते नळकांडे, उघडते. प्रबळचे सिलिंडर मात्र बाजूला निघते. होल्स्टर निवडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर टिचबटणाची पट्टी कशीही आडवी आली आणि ती कळीवर रुतली, तर बाहेर काढताना किंवा खाली बसताना कळ सरकण्याचा धोका राहतो. पट्टी कळ टाळून, घोड्याच्या, म्हणजे गोळीवर आघात करणाऱ्या मागच्या हातोडीच्या, मागून गेली पाहिजे.

रिव्हॉल्व्हर कुठे जाड असते हेही ध्यानात घ्यावे. पिस्तूल सगळीकडे सारख्या जाडीचे, पाटीसारखे. रिव्हॉल्व्हरची नळी बारीक, मूठ बारीक आणि मधोमध सिलिंडरचा फुगवटा. तो फुगवटा कमरेच्या हाडावर आला तर दुपारपर्यंत वळ उठतो. हाडाच्या जरा मागे, जिथे कंबर आत वळते तिथल्या खोलगट जागेत आला, तर जाणवतही नाही. दोन जागांत अंतर दोन बोटांचे.

बसण्याची परीक्षा

दुकानात होल्स्टर उभ्याने लावून आरशात पाहतात. पुण्याचा माणूस मात्र दिवसातला बराच वेळ बसलेला असतो: दुचाकीवर, मोटारीत, कचेरीच्या खुर्चीत, आणि कार्य असेल तेव्हा पंगतीत मांडी घालून. सोईची खरी परीक्षा बसल्यावरच होते, आणि निरनिराळ्या जागांचे गुणदोष तिथेच उघडे पडतात.

पोटावर, बेंबीच्या जरा उजवीकडे, पँटच्या आत लावायची पद्धत परदेशात सध्या फार चालते. सडपातळ माणसाला ती छान लपते. पण मांडी घालून बसले की नळी जांघेत टोचते, मूठ पोटात शिरते, आणि नळीचे तोंड नेमके जिथे नको तिथे रोखलेले राहते. ढेरी असलेल्याने तिचा विचारच करू नये. घड्याळाच्या काट्यांच्या भाषेत, बेंबी म्हणजे बारा धरून, तीन ते चारच्या मधली, म्हणजे उजव्या कमरेच्या मागच्या उताराची जागा बहुतेकांना मानवते. तिथे मूठ किंचित पुढे झुकलेली असावी. झुकाव दहा-पंधरा अंशांचा पुरतो. त्याने मूठ शर्टाला मागून टोक आणत नाही, आणि खुर्चीच्या पाठीलाही ती अडत नाही.

दुचाकीने मात्र हेही बिघडते. मोटरसायकलवर पुढे झुकल्यावर शर्ट वर सरकतो आणि सिग्नलला मागे थांबलेल्या सगळ्यांना होल्स्टरचे दर्शन घडते. स्कूटरवर ताठ बसता येते, म्हणून ती बरी. उपाय साधाच आहे: शर्ट नेहमीपेक्षा चार बोटे लांब, बाहेर सोडलेला, रेघांचा किंवा चौकड्यांचा, कारण साध्या फिकट रंगावर उठाव लगेच दिसतो. झब्बा किंवा नेहरू शर्ट तर या कामासाठीच शिवल्यासारखा वाटतो. त्यावर बंडी घातली की मोठे रिव्हॉल्व्हरही लपते. मागे कण्यावर, कमरेच्या अगदी मधोमध होल्स्टर लावणे मात्र दुचाकीस्वाराने कटाक्षाने टाळावे. गाडी घसरून पाठीवर पडले तर ते लोखंड थेट मणक्यावर बसते, आणि पावसाळ्यात गाड्या घसरायला पुण्यातले रस्ते कमी पडत नाहीत.

खिशातले होल्स्टर हे छोट्या रिव्हॉल्व्हरचे खास वैशिष्ट्य आहे. निर्भीकसारखे हलके शस्त्र पँटच्या पुढच्या खिशात राहू शकते, पण त्याला आवरण हवेच. नुसते खिशात टाकणे निव्वळ वेडेपणा. आवरणाची बाहेरची बाजू खरबरीत असावी, म्हणजे शस्त्र काढताना ते खिशातच राहते. त्या खिशात किल्ली, नाणे, पेन, काही म्हणजे काही नको. आजच्या तयार पँटांचे खिसे उथळ आणि अस्तर पातळ असते. शिंप्याकडून जाड ड्रिलच्या कापडाचा खोल खिसा लावून घेतला की निम्मा प्रश्न सुटतो.

घोट्यावरचे होल्स्टर मोटारीत सोईचे, दुचाकीवर नाही: पाय वर घेतला की पँट चढते. काखेतले होल्स्टर वर कोट मागते आणि एप्रिल-मेच्या चाळिशीच्या उन्हात कोट घालून फिरणारा माणूस हीच मुळी संशयाची गोष्ट.

साडी आणि सलवारीला कमरपट्टा नसतो, आणि परकराची नाडी अर्धा किलो वजन पेलत नाही. निर्भीक मुख्यतः महिलांना डोळ्यांसमोर ठेवून विकले गेले, पण ते ठेवायचे कुठे याचे उत्तर त्याच्या खोक्यात नव्हते. रुंद इलॅस्टिकचा पोटपट्टा हा एक मार्ग आहे. तो थेट कातडीवर न बांधता पातळ सुती बनियनवर बांधावा, नाहीतर घामोळे हमखास. पर्स हा दुसरा मार्ग. तिच्यात शस्त्रासाठी वेगळा, कडक अस्तराचा कप्पा हवा आणि पर्स खांद्यावरून उतरता कामा नये. हॉटेलात खुर्चीच्या पाठीला अडकवलेली पर्स म्हणजे नियमाच्या भाषेत ताबा सुटलेले शस्त्र.

पट्टा

होल्स्टरवर पाच हजार खर्च करून ते कचेरीच्या मऊ पट्ट्यावर लटकवणारे पुष्कळ. पट्टा लवला की होल्स्टर बाहेर कलते, शस्त्र खाली ओढते, आणि दर दहा मिनिटांनी पँट वर करावी लागते. त्या हाताच्या चाळ्यावरून जाणकार माणूस लांबून ओळखतो. पट्टा दुहेरी चामड्याचा, साधारण ३८ मिलिमीटर रुंद आणि होल्स्टरच्या फटीत घट्ट बसणारा हवा. पँटच्या आत होल्स्टर घालायचे तर कंबर एक-दोन इंच सैल लागते. शिलाईत माया ठेवलेली असेल तर शिंपी ती सोडून देतो.

चामडे, प्लॅस्टिक आणि कारागीर

चामडे अंगाला मऊ लागते आणि वापराने शरीराच्या वळणावर येते. होल्स्टरला वनस्पतिजन्य कमावणीचे, जाड, ताठ चामडे लागते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. हाच हिरडा पुणे जिल्ह्यात आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातले आदिवासी गोळा करतात. क्रोमच्या कमावणीचे चामडे पर्स-पिशव्यांना छान, पण होल्स्टरसाठी लवचीक पडते. तोंड मिटते, आणि शस्त्र परत घालताना दुमडलेली कड चापाच्या (ट्रिगरच्या) कडीत शिरू शकते. रिकामे असतानाही तोंड उघडे राहिले पाहिजे, ही चामड्याच्या होल्स्टरची पहिली कसोटी.

कायडेक्ससारखे कडक प्लॅस्टिक तापवून शस्त्राच्या आकारावर दाबलेले असते. त्याला घाम, पाऊस लागत नाही, तोंड मिटत नाही. पण घासते, कडा टोचतात, आणि उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवले तर आकार सोडू शकते. पातळ कापडी, एकच माप सगळ्यांना बसणारी स्वस्त होल्स्टर घेऊ नयेत. सगळ्यांना बसते ते कोणालाच नीट बसत नाही.

पुण्याच्या लष्कर (कॅम्प) भागात आणि पेठांत चांगले चामडेकाम करणारे कारागीर आहेत, आणि कानपुरी रिव्हॉल्व्हरच्या मापाचे तयार होल्स्टर सहसा मिळत नसल्याने त्यांच्याकडून करवून घेणे शहाणपणाचे. पण इथे एक कायदेशीर गोम आहे. चामडे ओले करून शस्त्रावर बसवायचे आणि वाळेपर्यंत तसेच ठेवायचे, ही या कामाची रीत. आणि परवाना नसलेल्या माणसाकडे शस्त्र सोडून येणे हा गुन्हा. म्हणून शस्त्र घरीच ठेवावे, रिकामे करून पुठ्ठ्यावर त्याची बाह्यरेषा काढावी, सिलिंडरची आणि मुठीची जाडी मोजावी आणि सुताराकडून तेवढ्या मापाचा लाकडी ठोकळा करून घ्यावा. कारागीर त्या ठोकळ्यावर चामडे बसवतो. त्याला तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: चापाची कडी पूर्ण झाकली जावी, घोडा आणि अंग यांच्यामध्ये चामड्याची एक जीभ यावी, आणि शिलाई दुहेरी असावी. ती जीभ घामापासून लोखंड वाचवते आणि घोड्याच्या टोकाने बनियन फाटणेही वाचवते.

पकड

होल्स्टर उलटे करून हलवले तर रिकामे शस्त्र पडू नये. त्याचबरोबर ते ओढायला दोन्ही हात लागू नयेत. तुळशीबागेच्या गर्दीत किंवा पीएमपीच्या बसमध्ये धक्के खाणाऱ्याला टिचबटणाची पट्टी असलेली बरी. मोकळ्या मोटारीतून फिरणाऱ्याला नुसत्या घट्ट बसणीवर भागते. सराव रिकाम्या शस्त्राने, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून करावा. शस्त्र परत घालताना अंगठा घोड्यावर ठेवावा: चापात कपडा अडकला असेल तर घोडा मागे येऊ लागतो आणि अंगठ्याला आधी कळते. ही सोय उघड्या घोड्याच्या शस्त्रालाच आहे. बालेवाडीच्या रेंजवरची नेमबाजी क्रीडाप्रकारांची असल्याने होल्स्टरमधून शस्त्र काढणे तिथे शिकायला मिळत नाही.

नव्या होल्स्टरची पहिली आठवडाभराची चाचणी घरातच, रिकाम्या शस्त्रानिशी घ्यावी. जिने चढावेत, मांडी घालावी, वाकून बुटाची नाडी बांधावी, मोटारीचा पट्टा लावून पाहावा. अस्वस्थ करणारे होल्स्टर माणूस दिवसातून चार वेळा काढतो-घालतो, कधी मोटारीच्या खणात ठेवतो, कधी टेबलावर विसरतो. शस्त्र चुकून सुटण्याचे आणि हरवण्याचे बरेच प्रसंग अशाच हाताळणीत घडतात. बाकी न्यायालय, विमानतळ, मॉल अशा ठिकाणी शस्त्र अंगावर बाळगून आत जाता येत नाही. त्या दिवशी ते घरीच ठेवावे.

रात्री शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते आणि जून ते सप्टेंबर या काळात आठवडाभरात सिलिंडरवर तांबूस ठिपके येतात. शस्त्र पुसून, तेलाचा हात फिरवून कुलूपबंद पेटीत, आणि होल्स्टर पंख्याखाली सावलीत, तोंडात कागदाचा बोळा घालून.