घरट्याच्या काठावरचं अंडं

एका कुरणात वयात आलेली शंभर हरणं आहेत. नव्वद माद्या, दहा नर. कळप केवढा? संवर्धन जीवशास्त्राच्या, म्हणजे धोक्यात आलेल्या जाती वाचवण्याच्या विद्येच्या, पदव्युत्तर वर्गात ‘शंभर’ म्हणणाऱ्याचे गुण जातात. पुढच्या पिढीची निम्मी जनुकं माद्यांकडून येणार आणि निम्मी नरांकडून. म्हणजे अर्धा वारसा त्या दहा नरांच्याच हाती. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला चारने गुणा आणि एकूण संख्येने भागा. उत्तर येतं 36. ही त्या कळपाची परिणामकारक संख्या. जनुकीय विविधता गमावण्यात तो 18 नर आणि 18 माद्यांच्या कळपासारखाच वागतो. संख्या वरखाली होत असेल तर हिशेब आणखी बिघडतो. एका पिढीत हजार, दुष्काळात दहा, पुन्हा हजार, तर तिन्ही पिढ्यांची परिणामकारक संख्या भरते जेमतेम 29. वाईट वर्षाचं वजन असं जबर असतं.

प्राण्यांच्या ओढीने इथे आलेल्यांना पहिल्या सत्रात जंगलापेक्षा संख्याशास्त्रच जास्त भेटतं. कुरकुर होते. मला मात्र हा क्रम योग्य वाटतो, कारण नुसता कळवळा भलत्याच जागी खर्च होऊ शकतो. लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांचं पाहा. किनाऱ्यावर रात्र रात्र जागून अंडी राखायची, हा त्यांना वाचवण्याचा सर्वमान्य मार्ग होता. 1987 मध्ये डेबोरा क्राउझ आणि सहकाऱ्यांनी आयुष्याच्या प्रत्येक टप्प्यावर किती कासवं जगतात, याचं गणित मांडलं. झाडून सगळी अंडी आणि नवजात पिल्लं वाचली असं धरलं, तरी घट थांबेना! खरी कळ होती बरीच वर्षं जगलेल्या, पण अजून वयात न आलेल्या कासवांमध्ये. ती कोळंबीच्या जाळ्यांत अडकून बुडत होती. उपाय निघाला जाळ्यात बसवायच्या तिरक्या गजांच्या चौकटीचा: कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव अडतं आणि झडपेतून बाहेर पडतं.

पण सगळ्यात जास्त वाद रंगतो तो न्यूझीलंडजवळच्या चॅटम बेटांवरच्या ब्लॅक रॉबिनवरून. 1980 मध्ये जगात हे पक्षी उरले होते पाच, आणि त्यांत पिल्लं वाढवू शकणारी मादी एकच, ओल्ड ब्लू. डॉन मर्टन यांच्या चमूने तिची अंडी दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या घरट्यांत उबवायला ठेवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घालेल. युक्ती लागू पडली. आजचा प्रत्येक ब्लॅक रॉबिन ओल्ड ब्लू आणि तिचा जोडीदार या एका जोडीचा वंशज आहे.

इथपर्यंतची कथा सगळ्यांना आवडते. पुढचा भाग सहसा वर्गातच कळतो. काही माद्या घरट्याच्या मधोमध अंडं घालण्याऐवजी काठावर घालायच्या. तिथलं अंडं उबत नाही. कार्यकर्ते ते अलगद आत सरकवायचे. इतक्या दुर्मीळ पक्ष्याचं अंडं कोण वाया जाऊ देईल? मात्र ही खोड आनुवंशिक होती. एरवी निसर्गाने ती पिढीगणिक गाळून टाकली असती. माणसाच्या हाताने ती तरली आणि फोफावली. 1989 पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या होत्या. सगळी जात माणसाच्या बोटावर अवलंबून राहायची वेळ आली होती.

मग अंडी सरकवणं चूकच होतं का? पाच पक्षी असताना नव्हतं, असं माझं मत. या विद्येच्या प्रवर्तकांपैकी एक, मायकेल सूले यांनी 1985 मध्ये तिची तुलना शल्यचिकित्सेशी केली होती: पुरती माहिती हाती येण्याआधीच इथे शस्त्र चालवावं लागतं. अवघड असतं ते हात कधी काढून घ्यायचा हे ठरवणं. पन्नास पक्षी झाल्यावर? शंभर? परीक्षेत असा प्रश्न आला की नुसतं सूत्र कामाला येत नाही, आणि दोन हुशार विद्यार्थी दोन वेगळी उत्तरं देऊन दोघंही पूर्ण गुण घेऊन जातात.

चॅटमवर अखेर अंडी सरकवणं थांबवलं. काही अंडी काठावरच गार पडली. पुढच्या पिढ्यांत काठावर अंडी घालणाऱ्या माद्यांचं प्रमाण उतरत गेलं.